‘मिटिगेट’चा अर्थ येतो, पण वाक्य अडतं

ठाण्यात नौपाड्यापासून घोडबंदर रोडपर्यंत आणि खाडीपलीकडे ऐरोली-वाशीतही इंग्रजीच्या तयारीची वही एकाच साच्याची असते. पानाच्या मधोमध उभी रेघ, डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. ‘मिटिगेट’ म्हणजे शमवणे, सौम्य करणे. विद्यार्थी हे मन लावून पाठ करतो आणि निबंधात लिहितो, ‘आय ड्रँक वॉटर टु मिटिगेट माय थर्स्ट’. मराठीत तहान शमवतात, तेव्हा त्याला हे बरोबरच वाटतं. इंग्रजीत मात्र तहानेसाठी ‘क्वेंच’ हे क्रियापद आहे. ‘मिटिगेट’ करतात ते परिणाम, धोका, नुकसान. या मुलाची स्मरणशक्ती उत्तम आहे. घोळ वहीच्या उजव्या रकान्यात आहे.

म्हणून शब्दसंग्रह मोजण्याची रीतच आधी बदलायला हवी. ज्या शब्दाचं बरोबर वाक्य पुस्तक मिटून लिहिता येतं, तो आपला. नुसता अर्थ ओळखता येतो तो शब्द वाचनात उपयोगी पडतो, पण लिहिताना आणि बोलताना हात वर करतो.

आता कोणते शब्द घ्यायचे ते पाहू. मायकेल वेस्ट यांनी १९५३ मध्ये सर्वाधिक लागणाऱ्या सुमारे २,००० इंग्रजी शब्दांची यादी प्रसिद्ध केली. वेस्ट यांनी त्याआधी ढाक्यात इंग्रजी शिकवण्याचं काम केलं होतं, म्हणजे आपल्यासारख्या परक्या भाषेतून शिकणाऱ्यांची अडचण त्यांनी जवळून पाहिली होती. त्यापुढचा टप्पा म्हणजे न्यूझीलंडच्या एव्हरिल कॉक्सहेड यांची २००० सालची ‘अकॅडमिक वर्ड लिस्ट’. वेस्ट यांच्या यादीतले शब्द वगळून, विद्यापीठीय मजकुरात वारंवार येणारी ५७० शब्दकुटुंबं त्यांनी निवडली. ‘असेस’, ‘असेसमेंट’, ‘रीअसेस’ हे मिळून एक कुटुंब. अशा मजकुरातला साधारण १० टक्के भाग ही कुटुंबं व्यापतात. यादीचे दहा गट आहेत आणि पहिल्या गटात सर्वांत जास्त लागणारे शब्द आहेत: ‘अनॅलाइझ’, ‘डिराइव्ह’, ‘कॉन्स्टिट्यूट’ वगैरे. मराठी किंवा सेमी-इंग्रजीतून अकरावीला गेलेल्या मुलाला भौतिकशास्त्राचं, अर्थशास्त्राचं पुस्तक जड जातं त्यात या शब्दांचा मोठा वाटा असतो, कारण पारिभाषिक शब्द शिक्षक समजावतात, हे मधले शब्द कोणीच समजावत नाही.

हिशेब सोपा आहे. रोज पाच नवे शब्द, आठवड्याचे सहा दिवस, सातवा दिवस फक्त उजळणीचा. म्हणजे आठवड्याला ३० शब्द आणि १९ आठवड्यांत ५७०. जूनच्या मध्याला सुरुवात केली तर दिवाळीच्या सुमाराला यादी संपते. रोज वीस शब्दांच्या वेगाने ती कागदावर लवकर संपेल, पण उजळणी इतकी साठेल की तिसऱ्या आठवड्यात वही बंद पडेल.

सुरुवात कुठून करायची ते ठरवायला दहा मिनिटं पुरतात. इंग्रजी वर्तमानपत्राचा अग्रलेख घ्या, कुठूनही सलग १०० शब्द मोजा, न कळणाऱ्यांखाली रेघ मारा. असं तीन ठिकाणी करा. शंभरात पाचाहून जास्त शब्द अडत असतील तर आधी वेस्ट यांच्या यादीतली भोकं बुजवा. दोन-तीनच अडत असतील तर कॉक्सहेड यांची यादी घ्या. शंभरातले ९८ शब्द माहीत असले की मजकूर शब्दकोशाशिवाय नीट वाचता येतो, असं भाषाशिक्षणाचे अभ्यासक मानतात. शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन यांच्या हिशेबाने कादंबरी किंवा वर्तमानपत्रासाठी तिथे पोचायला आठ ते नऊ हजार शब्दकुटुंबं लागतात. हा काही वर्षांचा पल्ला आहे. दोन महिन्यांत ‘अॅडव्हान्स्ड व्होकॅब्युलरी’ची हमी देणारी जाहिरात दिसली तर हा आकडा आठवा.

वहीऐवजी कार्ड करा. ए-फोर कागदाचे आठ तुकडे केले की हाताएवढी कार्डं होतात. थोडा जाड कागद घेतला तर महिनोन् महिने टिकतात. पुढच्या बाजूला शब्द लिहू नका. तिथे गाळलेल्या जागेचं वाक्य लिहा आणि शब्दाचं पहिलं अक्षर द्या: ‘मँग्रोव्ह्ज म... द इम्पॅक्ट ऑफ फ्लडिंग’. मागे शब्द, उच्चार, त्याच्या दोन नेहमीच्या जोड्या (‘मिटिगेट द रिस्क’, ‘मिटिगेट द इफेक्ट्स’), नाम ‘मिटिगेशन’ आणि अगदी खाली लहान अक्षरात मराठी अर्थ. मराठी अर्थ हवाच, तो टाकून देण्याचा हट्ट मला पटत नाही. फक्त तो शेवटी यावा.

वाक्य स्वतः रचू नका. सुरुवातीला तरी नाही. स्वतः रचलेल्या वाक्यात मराठीची घडण शिरते आणि चूक कार्डावर पक्की होते. ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन यांच्या लर्नर्स डिक्शनऱ्या इंटरनेटवर फुकट पाहता येतात. परक्या भाषकांसाठी केलेल्या असल्याने त्यांतल्या व्याख्या सोप्या शब्दांत असतात; लाँगमनच्या व्याख्या तर सुमारे २,००० शब्दांतच बसवलेल्या आहेत. वाक्य तिथून उचला. इंग्रजी-मराठी शब्दकोश पाच प्रतिशब्द ओळीने देतो आणि कोणता कुठे चालतो ते सांगत नाही. ‘मिटिगेट माय थर्स्ट’चा उगम तिथेच आहे.

कार्डाच्या मागे सर्वांत जपून लिहायची गोष्ट म्हणजे शब्दामागून येणारं शब्दयोगी अव्यय. मराठी मुलांच्या लिखाणात ठरलेल्या चुका दिसतात आणि त्यांचं कारणही ठरलेलं असतं. आपण विषया‘बद्दल’ चर्चा करतो, म्हणून ‘डिस्कस अबाउट’. एखाद्या गोष्टी‘वर’ भर देतो, म्हणून ‘एम्फसाइझ ऑन’. ‘मला समजावून सांगा’ म्हणतो, म्हणून ‘एक्सप्लेन मी’. पहिल्या दोन ठिकाणी अव्यय नको आहे, तिसऱ्या ठिकाणी ‘टु’ हवं आहे. गोंधळ वाढवायला इंग्रजीही मदत करते. क्रियापदाला अव्यय लागत नाही, पण त्याच्याच नामाला लागतं: ‘डिस्कस द प्लॅन’, पण ‘अ डिस्कशन अबाउट द प्लॅन’. ‘एम्फसाइझ डिसिप्लिन’, पण ‘एम्फसिस ऑन डिसिप्लिन’. ‘रिक्वेस्ट हेल्प’, पण ‘अ रिक्वेस्ट फॉर हेल्प’. म्हणून अशा शब्दांच्या कार्डावर क्रियापदाची आणि नामाची अशी दोन्ही वाक्यं एकाखाली एक लिहा. ‘कोप अप विथ’मधलं ‘अप’ आणि ‘डिस्पाइट ऑफ’मधलं ‘ऑफ’ लाल पेनाने खोडून दाखवलेलं कार्ड वेगळं ठेवलं तरी चालेल. मराठी माध्यमाच्या मुलाचे लेखनातले गुण वाढवायला एवढी एक सवय नव्या शंभर शब्दांहून जास्त कामाला येते, असं माझं ठाम मत आहे.

उच्चार देवनागरीत लिहा. आपल्या लिपीत बहुतेक उच्चार जवळपास उतरतात ही मोठी सोय आहे, ती वापरायला लाजू नका. ‘इन्डाइट’मधला सी आणि ‘सटल’मधला बी मूक आहे, ‘एपिटमी’ चार अवयवांचा (सिलेबल्सचा) शब्द आहे, हे स्पेलिंगवरून कळत नाही. व्ही साठी ‘व्ह’ आणि डब्ल्यू साठी ‘व’ हा फरक नेमाने पाळा. मात्र आघात, म्हणजे उच्चारातला जोर, देवनागरीत दिसत नाही, तो अवयव अधोरेखित करून दाखवावा लागतो. ‘फोटोग्राफ’मध्ये आघात पहिल्या अवयवावर, ‘फोटॉग्रफी’त दुसऱ्यावर. ‘रेकॉर्ड’ नाम असेल तर आघात पहिल्यावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. मुलाखतीत किंवा तोंडी परीक्षेत शब्द बरोबर असूनही समोरच्याला कळत नाही, त्याचं कारण बहुधा हेच असतं.

उजळणीसाठी जर्मन लेखक सेबास्टियन लाइटनर यांनी १९७० च्या दशकात मांडलेली खोक्यांची पद्धत अजूनही सर्वांत स्वस्त आणि चांगली. मिठाईची पाच रिकामी खोकी घ्या. पहिलं रोज, दुसरं दोन दिवसांनी, तिसरं चार, चौथं आठ, पाचवं सोळा दिवसांनी उघडायचं. उत्तर बरोबर आलं की कार्ड पुढच्या खोक्यात. चुकलं की थेट पहिल्यात, मग ते कितव्याही खोक्यातलं असो. नियम एकच: कार्ड उलटण्याआधी शब्द तोंडाने म्हणायचा किंवा लिहायचा. ‘हा मला येतो’ असं मनात म्हणून कार्ड उलटलं तर ती उजळणी मोजू नका. जेफ्री कार्पिकी आणि हेन्री रोडिगर यांनी २००८ मध्ये अमेरिकन विद्यार्थ्यांना स्वाहिली शब्द शिकवून हे तपासलं होतं. शब्द एकदा आल्यावरही ज्यांनी स्वतःला विचारत राहणं चालू ठेवलं, त्यांना आठवड्याने सुमारे ८० टक्के शब्द आठवले. ज्यांनी आलेले शब्द विचारणं बंद केलं, त्यांना एक तृतीयांशाच्या आसपास, आणि त्यांतल्या काहींनी ते शब्द पुन्हा पुन्हा वाचूनही फरक पडला नाही. वही वाचत बसणं यामुळेच फसवं असतं. समोर दिसणारा शब्द ओळखीचा वाटतो आणि ओळख म्हणजेच पाठांतर झालं असा समज होतो.

मोबाइलवर हेच काम ‘अँकी’ हे कार्डांचं अॅप करतं. अँड्रॉइडवर ते फुकट आहे. त्यात रोजची नवी कार्डं मुळात २० असतात, ती पाचवर आणा. दुसऱ्याने केलेले तयार संच उतरवू नका, त्यांत बहुधा तोच शब्द-अर्थाचा साचा असतो. ठाणे-वाशी लोकलचा प्रवास अर्ध्या तासाचा आहे. बसायला जागा मिळो न मिळो, पंचवीस-तीस कार्डं आरामात होतात.

गणपतीत आठवडाभर खंड पडला की दीडशे कार्डं साठतात आणि इथेच बरेच जण सोडून देतात. तेव्हा नवे शब्द पूर्ण थांबवा, रोज चाळीस जुनीच कार्डं घ्या. चार दिवसांत गाडी रुळावर येते. एखादं कार्ड सात-आठ वेळा चुकत असेल तर दोष कार्डाचा समजा. ते फाडून नव्या वाक्याने नवं करा. बऱ्याचदा त्याच्यासारखा दिसणारा दुसरा शब्द त्याच आठवड्यात शिकलेला असतो: ‘इन्जीनियस’ आणि ‘इन्जेन्युअस’, ‘मिटिगेट’ आणि ‘मिलिटेट’. वर्णानुक्रमाच्या याद्या याच कारणाने घातक ठरतात. ‘अबेट’, ‘अॅब्डिकेट’, ‘अॅबेयन्स’ एकाच दिवशी डोक्यात घातले तर तिन्ही एकमेकांत मिसळणार. विरुद्धार्थी जोड्याही एकत्र शिकू नका. एक पक्का झाल्यावर महिन्याने दुसरा.

धातू आणि उपसर्गांचा अभ्यास आपल्या मुलांना जास्त फळतो, कारण लॅटिन, ग्रीक आणि संस्कृत एकाच घराण्यातल्या. विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्यात हे नातं मांडलं होतं. ‘पेडेस्ट्रियन’मध्ये पद आहे, ‘मॅटर्नल’मध्ये मातृ, ‘इग्नाइट’मध्ये अग्नी, ‘डेन्चर’मध्ये दंत, ‘नॉमिनल’मध्ये नाम. शब्द लक्षात ठेवायला हे फार छान. पण परीक्षेत अर्थाचा अंदाज बांधायला धातूवर विसंबू नका. इंग्रजी ‘बॅड’ आणि बदनाममधला फारसी ‘बद’ हे सारखे दिसतात, अर्थही एकच, तरी त्यांचं नातं काही नाही. ‘इन’ म्हणजे नकार, असं धरून ‘इनव्हॅल्युएबल’चा अर्थ कवडीमोल लावणारे विद्यार्थी दर वर्षी भेटतात, त्याचा अर्थ अमूल्य असा आहे.

वाचन विषय धरून करा. आज क्रिकेट, उद्या शेअर बाजार असं वाचलं तर कोणताच शब्द पुन्हा भेटत नाही. ठाणे खाडी हा विषय दोन आठवडे धरा. फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, २०२२ मध्ये ते रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झालं, त्यामुळे इंग्रजीत लिखाण भरपूर आहे. ‘एस्च्युअरी’, ‘एन्क्रोचमेंट’, ‘रिक्लेम’, ‘सिल्टेशन’, ‘डिप्लीट’, ‘कन्झर्व्ह’ हे शब्द प्रत्येक लेखात येतील. खारफुटी, भराव, गाळ हे सगळं आपण ऐरोलीच्या पुलावरून पाहतोच, त्यामुळे शब्द अधांतरी राहत नाहीत. मग मोडकळीला आलेल्या इमारती आणि पुनर्विकास हा विषय घ्या: ‘डायलॅपिडेटेड’, ‘एव्हिक्ट’, ‘रीहॅबिलिटेट’.

परीक्षा कोणती यावरही थोडं बदलतं. स्टाफ सिलेक्शनच्या परीक्षांत समानार्थी, विरुद्धार्थी, अनेक शब्दांबद्दल एक शब्द असे थेट प्रश्न येतात. तिथे यादीचा उपयोग होतो. परदेशी पदव्युत्तर प्रवेशाच्या जीआरईतून मात्र सुटे विरुद्धार्थी शब्द २०११ मध्येच गेले, आता शब्द वाक्याच्या संदर्भातच विचारतात. तरी जुन्या याद्यांच्या झेरॉक्स अजून फिरतात. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेच्या लेखनात शब्दसंपदेला चौथा हिस्सा गुण आहेत, पण ते नेमकेपणाला आणि सहजतेला मिळतात. ‘फेमस’ साधा वाटला म्हणून ‘नोटोरियस’ लिहिलं की प्रख्यात माणूस कुप्रसिद्ध होतो. ‘सिंपल’च्या जागी ‘सिंप्लिस्टिक’ लिहिलं की कौतुकाची टीका होते. थिसॉरसमधून, म्हणजे समानार्थी शब्दांच्या कोशातून, शब्द उचलला तर लर्नर्स डिक्शनरीत त्याची दोन वाक्यं पाहिल्याशिवाय वापरू नये.

सातव्या दिवशी, उजळणी झाल्यावर, त्या आठवड्याच्या तीस शब्दांतले सहा निवडून १२० ते १५० शब्दांचा एक परिच्छेद लिहा. कार्डं न पाहता. लिहून झालं की प्रत्येक शब्द त्याच्या जोडीसकट इंग्रजी अवतरण चिन्हांत घालून इंटरनेटवर शोधा. नामांकित वृत्तपत्रांत, विद्यापीठांच्या पानांवर ती जोडी सहज सापडली तर ठीक. मोजकेच निकाल आले, तेही भलत्याच पानांवरचे, तर जोडी बहुधा चुकली आहे. डिक्शनरीतून बरोबर जोडी शोधा, कार्डाच्या मागे लिहा आणि ते कार्ड परत पहिल्या खोक्यात टाका.