चौथा चिमटा

बॅटरी उतरलेली गाडी फार बोलत नाही. चावी फिरवली की बॉनेटखालून नुसतं टक्-टक्-टक्, दिवे मिणमिणतात आणि इंजिन ढिम्म. मग कुणीतरी आपली गाडी शेजारी आणून उभी करतं (दोन्ही गाड्या एकमेकींना टेकता कामा नयेत), डिकीतून जंपर केबल (दोन्ही टोकांना चिमटे असलेल्या एक लाल आणि एक काळी अशा दोन वायरी) निघते आणि जमलेल्या प्रत्येकाला एकाएकी विजेचं शास्त्र यायला लागतं.

पहिल्या तीन चिमट्यांवर फारसा वाद होत नाही. लाल आधी उतरलेल्या बॅटरीच्या अधिक टोकाला, त्याच केबलचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या अधिकला, मग काळा चांगलीच्या उणेला. खरी गंमत चौथ्याची. हात आपसूक उतरलेल्या बॅटरीच्या मोकळ्या उणे टोकाकडे वळतो, आणि नेमका तिथेच तो लावायचा नसतो. त्याची जागा बॅटरीपासून लांब, इंजिनाच्या रंग नसलेल्या उघड्या धातूवर. काही गाड्यांत त्यासाठी वेगळा बिंदूच दिलेला असतो, माहितीपुस्तिकेत सापडतो.

असं का, तर शेवटची जोडणी होताना ठिणगी उडते. लेड-ॲसिड बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि हवेत तो 4 टक्के झाला तरी पेटू शकतो. बॅटरी फुटली तर आतलं आम्ल थेट तोंडावर. इंजिनाचा धातू उणे टोकाशी जोडलेलाच असतो, त्यामुळे वीज पोचायची तिथे पोचतेच. मला हा नियम म्हणूनच आवडतो. ठिणगी पडू देऊ नका असं तो बजावत बसत नाही. पडणारच आहे, जरा पलीकडे पडू दे, एवढंच म्हणतो.

लाल-काळ्याची अदलाबदल मात्र अजिबात खपत नाही. फ्यूज जातात, अल्टरनेटरचे (इंजिन चालू असताना वीज बनवणाऱ्या यंत्राचे) डायोड जळतात. 12 व्होल्टच्या गाडीला 24 व्होल्टचा ट्रक जोडायचा नाही, आणि तडकलेल्या किंवा गळणाऱ्या बॅटरीला हातच लावायचा नाही. स्टार्टर शंभराहून जास्त अँपिअर ओढतो, तेव्हा स्वस्तातली बारीक केबल तापते आणि गाडी तरीही सुरू होत नाही.

सगळ्यांत अवघड काम म्हणजे थांबणं. मदतीची गाडी सुरू ठेवून चार-पाच मिनिटं नुसतं उभं राहायचं. तेवढ्यात कुणीतरी 'मारा आता सेल' म्हणतोच. 1912 साली कॅडिलॅकमध्ये विजेचा स्टार्टर आला, त्याआधी लोक हँडल फिरवत आणि ते उलटं फिरलं तर मनगट मोडून घेत. त्या मानाने ही पाच मिनिटं काहीच नाहीत, पण हे त्या माणसाला सांगून उपयोग नसतो.

गाडी सुरू झाली की चिमटे उलट्या क्रमाने काढायचे, म्हणजे पहिला मान पुन्हा चौथ्याचाच. मग इंजिन लगेच बंद न करता अर्धा तास तरी गाडी चालवायची. पार उतरलेली बॅटरी तेवढ्यानेही भरत नाही, ती चार्जरवरच लावावी लागते.