आधी पाणी कुठं जातं ते बघा

९ जुलै २०२४, मंगळवार. सकाळी सातच्या सुमारास सासूबाई देवळात जायला निघाल्या आणि दहा मिनिटांत पिठाच्या गिरणीचे मालक त्यांना धरून घरी घेऊन आले. उजवं मनगट मोडलं होतं. वय ७४. गिरणीसमोर डिसेंबरात पाण्याच्या लाइनसाठी चर खोदला होता. पाइप टाकून झाल्यावर वर माती लोटली आणि माणसं निघून गेली. उन्हाळाभर आम्ही धूळ खाल्ली. पहिल्या जोराच्या पावसांत माती बसली आणि चराचा ओढा झाला. वर गढूळ पाणी, खाली फूटभर खड्डा. कुणाला दिसणार? सहा आठवडे प्लास्टर होतं. ज्या बाईंनी आयुष्यभर घरादाराला भाकरी करून वाढली, त्यांना मी घास भरवत होते. त्या दिवसांत मनात जी चीड बसली तिच्यामुळेच पुढचं सगळं झालं.

तक्रार मी त्याच संध्याकाळी महापालिकेच्या ॲपवर टाकली, फोटोसकट. नवव्या दिवशी 'तक्रार निकाली' असा मेसेज आला. सोबत बुजवलेल्या खड्ड्याचा फोटो होता, मागे पिवळी भिंत आणि नारळाचं झाड. आमच्या गल्लीत नारळ नाही. पुन्हा तक्रार केली, पुन्हा निकाली. तिसऱ्या वेळी अर्धा दिवस रजा टाकून कार्यालयातच गेले. पथ विभागाने सांगितलं, "चर पाणीपुरवठ्याने खोदलाय, त्यांना भेटा." पाणीपुरवठ्याने सांगितलं, "आमचं काम पाइपपर्यंत, मॅडम. रस्ता पथ विभागाचा." दोन्ही खोल्या एकाच मजल्यावर होत्या.

नगरसेवकाकडे जावं, तर नगरसेवकच नव्हते. आमच्या महापालिकेची मुदत २०२२ मध्ये संपली होती आणि कारभार प्रशासकाकडे होता. कायद्यात रचना अशी आहे की काम करून घेणं आयुक्तांचं, आणि पैशाला मंजुरी देणं, जाब विचारणं हे सर्वसाधारण सभेचं आणि १६ सदस्यांच्या स्थायी समितीचं. सभाच नसली की मागणारा, मंजूर करणारा आणि तपासणारा एकच. राज्यातल्या किती शहरांनी ही वर्षं अशीच काढली. वर्तमानपत्रात त्याला 'प्रशासक राजवट' म्हणतात. माझ्यासाठी त्याचा अर्थ एवढाच होता की मला दार कुठलं ठोठावायचं तेच कळत नव्हतं.

शेवटी गिरणीवाले काका म्हणाले, "ताईंकडे जाऊन या." ताई म्हणजे आमच्या माजी नगरसेविका. मला पटलं नव्हतं. पद नाही, निधी नाही, सभेत बोलायची सोय नाही, त्या काय करणार?

सकाळी आठला गेले तेव्हा त्यांच्या ओसरीवर सहा-सात माणसं बसलेली. कुणाचं रेशनकार्डावर सुनेचं नाव चढत नव्हतं, कुणाच्या नातवाच्या जन्मदाखल्यात आडनाव चुकलेलं. एका आजोबांच्या बोळातला दिवा महिनाभर बंद होता. ताईंनी त्यांना विचारलं, "खांबाचा नंबर?" आजोबा गप्प. "खांबावर रंगाने नंबर असतो, बाबा. तो लिहून आणा. नंबर दिला की वायरमन थेट त्या खांबाशी येतो. 'मारुतीच्या देवळामागं' म्हटलं की आठवडा जातो." त्यांच्या मांडीवर लांबोडी हिशेबाची वही होती. तारीख, कुणाचं काम, कोणत्या टेबलावर, असे तीन रकाने पेनाने आखलेले. चौथा रकाना अरुंद होता, त्यात फक्त आवक क्रमांक.

माझं सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "वहिनी, रस्ता कुणाचा आहे?"

मी म्हटलं, कुणाचा म्हणजे? महापालिकेचा.

"सगळा?"

हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. ताईंनी समजावलं ते असं. विकास आराखड्यातला रस्ता, म्हणजे डीपी रस्ता, महापालिका ताब्यात घेऊन करते. पण जमिनीचे प्लॉट पाडताना मालकाने जो लेआउटचा रस्ता सोडलेला असतो, तो रीतसर ताब्यात दिलेला नसेल तर त्यावर महापालिका पैसा खर्च करायला तयार होत नाही. माणसं वीस वर्षं घरपट्टी भरतात, त्याच रस्त्यावरून कचऱ्याची घंटागाडी येते, पण कागदावर तो कुणातरी मालकाचा असतो. "आधी कागद बघा," त्या म्हणाल्या. "माहिती अधिकार नंतर. सोमवारी तीनला जा."

सोमवारी तीनला काय असतं हे मला माहीत नव्हतं आणि मला वाटतं अजूनही बहुतेकांना नाही. राज्य सरकारचा नोव्हेंबर २०१८ चा आदेश आहे. जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना फाइली बघता येतात. माहिती अधिकाराचा अर्ज १५० शब्दांत, एकाच विषयावर लिहायचा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा आणि उत्तरासाठी ३० दिवस थांबायचं, हा मार्ग आहेच. पण नेमकं काय मागायचं तेच कळत नसेल तर आधी फाइल बघितलेली बरी. मी पतसंस्थेत हिशेबाचं काम करते, कागद वाचायची सवय आहे. तरी पहिल्या सोमवारी मला नुसतीच फाइल चाळायला लागली. तिथल्या कारकुनांना सुरुवातीला माझं येणं आवडलं नाही. तिसऱ्या सोमवारी त्यांनी स्वतःहून खुर्ची सरकवली.

फाइलमधून तीन गोष्टी बाहेर आल्या. गल्लीचे वरचे १८० मीटर महापालिकेच्या ताब्यात, मार्च २०२३ मध्ये डांबरीकरण झालेलं, आणि निविदेत ३ वर्षांचा दोष दायित्व कालावधी, म्हणजे तोपर्यंत रस्ता उखडला तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा. कार्यालयात सगळे त्याला 'डीएलपी' म्हणतात. खालचे ७० मीटर लेआउटचे, ताब्यात नसलेले. आणि तिसरी गोष्ट मला सापडली, ताईंनाही माहीत नव्हती. पाण्याच्या लाइनच्या कामात चर खडी आणि डांबराने पूर्ववत करून देणं धरलेलं होतं, आणि त्या ठेकेदाराचं अंतिम बिल अजून निघालेलं नव्हतं.

ताईंनी वही बाजूला ठेवली. "बिल निघायच्या आत पत्र द्या. आजच. ओसी घ्या." ओसी म्हणजे आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का. पत्र कसं लिहायचं तेही त्यांनीच सांगितलं. रागाचं एक वाक्य नाही. कामाचं नाव, निविदेतली बाब, एमबीत, म्हणजे मोजमाप पुस्तिकेत, त्या बाबीची नोंद नसल्याचा उल्लेख, आणि 'जागेवर काम पूर्ण झाल्याची खात्री होईपर्यंत अंतिम देयक अदा करू नये ही विनंती'. प्रत लेखा विभागाला. मी मनात तीन पानं लिहिली होती, सासूबाईंच्या हाताबद्दल, नारळाच्या झाडाबद्दल. ती लिहिली नाहीत. नऊ ओळींचं पत्र गेलं आणि आठव्या दिवशी पाणीपुरवठ्याच्या कनिष्ठ अभियंत्यांचा मला फोन आला.

पण खरं काम पुढेच होतं. पथ विभागाचा ठेकेदार म्हणत होता, माझा रस्ता दुसऱ्याने खोदला, आता माझी डीएलपी कशी? म्हणून ताईंनी संयुक्त पाहणी मागितली. तारीख ठरली आणि मोडली, दोनदा. तिसऱ्यांदा त्यांनी दोन्ही अभियंत्यांना आदल्या रात्री फोन केला आणि सकाळी साडेआठला दोघंही गिरणीसमोर उभे होते. पद नसलेल्या बाईंच्या शब्दाला ते का आले, हे मी नंतर त्यांच्यातल्या एकांना विचारलं. ते म्हणाले, "ताई कधी खोटं काम सांगत नाहीत, मॅडम. आणि काम झालं की फोन करून झालं म्हणून सांगतात."

त्या सकाळी ताईंनी गिरणीवाल्या काकांकडून बादली मागवली. भरून आणली आणि रस्त्याच्या मध्यावर ओतली. कुणी काही बोललं नाही. पाणी आधी दोन्ही कडांना पसरलं, मग चराच्या बाजूने वळलं, गिरणीच्या पायरीपाशी आलं आणि तिथेच थांबलं. तीन फुटांवर पावसाळी गटाराची लोखंडी जाळी होती, पण ती रस्त्यापेक्षा चार बोटं वर. पाणी जाळीपर्यंत चढणार कसं? "साहेब, आधी पाणी कुठं जातं ते बघा," ताई म्हणाल्या. "असंच डांबर टाकलं तर पुढच्या श्रावणात मी परत इथंच उभी असेन." डांबर पाण्याला टिकत नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरी जाळी न बघता रस्ता करतात, कारण जाळी तिसऱ्या विभागाची, मलनिःसारणाची. पाहणीला आलेल्या अभियंत्यांनी जागेवरच मलनिःसारणाला फोन लावला.

मग वाट पाहणं. पावसाळ्यात हॉटमिक्स प्लांट, म्हणजे गरम डांबर-खडी तयार करणारे कारखाने, बंद, तोवर चरात मुरूम आणि खडी दाबून घेतली, तेवढ्याने चालण्यापुरतं झालं. दिवाळीच्या आधी काम निघेल असं वाटत होतं, तर १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. निकाल २३ नोव्हेंबरला. जाळी खाली घेण्याचं काम वार्षिक देखभालीतून डिसेंबरात झालं.

२२ जानेवारी २०२५ ला डांबर पडलं. मी रजा घेतली होती. आधी दोन बायकांनी खराट्याने आणि तारेच्या ब्रशने चराच्या कडा झाडून घेतल्या. त्यातल्या एकीच्या पायाला गोणपाट गुंडाळलेलं, चपलेच्या वरून. मग पातळ डांबराचा फवारा, त्याला टॅक कोट म्हणतात. तो नसेल तर वरचा थर पापडासारखा सुटतो. टिप्परवरची ताडपत्री उघडली तशी वाफ उठली. माल गरम आहे तोवरच रोलर फिरायला हवा, थंड झाला की दाबून उपयोग नाही. मुकादम सारखा ओरडत होता, पण माणसं चुकत नव्हती. दुपारी मी त्या सगळ्यांना चहा दिला. गोणपाटवाल्या बाई सावलीत बसून म्हणाल्या, "आमच्या वस्तीत रस्ताच नाही अजून." मला काय बोलावं सुचलं नाही. त्यांच्या वस्तीचं नाव मी ताईंना सांगितलं, त्यांनी वहीत लिहिलं.

रोलर गेल्यावर ताईंनी पुन्हा बादली ओतली. पाणी सरळ जाळीत गेलं. सासूबाई गॅलरीतून बघत होत्या.

खालच्या ७० मीटरला जास्त दिवस लागले. मूळ मालक वारले होते, वारस तीन, एक नाशिकला. कोणी नाही म्हणत नव्हतं, पण सही करायला कोणी येत नव्हतं. 'रस्ता दिला तर आमची उरलेली जागाही जाईल' ही त्यांची भीती होती. ताईंनी मंजूर लेआउटचा नकाशा नेऊन दाखवला, की ही पट्टी पहिल्यापासून रस्ताच आहे, यावर तुम्हाला कधीच बांधता येणार नव्हतं. सप्टेंबर २०२५ मध्ये तिसरी सही झाली आणि ताबा देण्याची फाइल कार्यालयात गेली.

पुढच्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाचा आदेश आला. खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर ६ लाख, जखमी झालं तर ५० हजारांपासून अडीच लाखांपर्यंत भरपाई. चांगले रस्ते मिळणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे त्या न्यायालयाने आधीही सांगितलं होतं. मी बातमी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवली. त्यांचं मनगट अजून थंडीत दुखतं. त्या म्हणाल्या, "माझ्या हाताचे पैसे नकोत. खालच्या अंगाला शाळेची पोरं सायकलीवरून जातात, तेवढं करून घे."

१५ जानेवारी २०२६ ला अखेर महापालिकांसाठी मतदान झालं. प्रभागरचना बदलली होती आणि ताई उभ्या राहिल्या नाहीत. आता चार सदस्यांचा प्रभाग आहे. चौघांतल्या कुणी काम आपलं म्हणायचं हा लोकांचा पहिला प्रश्न, आणि चौघांनीही 'ते दुसऱ्यांचं' म्हटलं तर काय, ही माझी खरी काळजी. पण निकालानंतर आठवड्याने त्यातल्या एक तरुण नगरसेविका ताईंच्या ओसरीवर आल्या, तेव्हा मी तिथेच होते. ताईंनी वही त्यांच्यापुढे ठेवली. अपुरी राहिलेली कामं लाल पेनाने उतरवून काढली होती. अकरा होती. आमचे ७० मीटर चौथे आणि गोणपाटवाल्या बाईंच्या वस्तीचा रस्ता पहिला.

नगरसेविकेने फोनवर पानांचे फोटो काढायला सुरुवात केली. ताई म्हणाल्या, "फोटो काढा, पण एकदा हाताने लिहून घ्या. लिहिलं की लक्षात राहतं." त्यांनी पर्समधून डायरी काढली आणि तासभर बसून लिहून घेतलं.

खालच्या भागाचं एस्टिमेट आता तयार आहे, तांत्रिक मान्यता व्हायची आहे. पाऊस लागायच्या आत डांबर पडायचं तर कार्यादेश, म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करण्याचा आदेश, एप्रिलअखेर निघायला हवा. तसं पत्र मी दिलंय, त्याची ओसी माझ्याकडे आहे. येत्या सोमवारी तीनला जाणार आहे, आणि या वेळी नगरसेविकाही बरोबर येते म्हणाल्यात.