हातमागाच्या खोलीत रंधा मशीन बसवण्याचा माझा अनुभव

बेळगावातील वडगाव भागात मी ज्या खोलीत सुतारकाम करतो, ती पूर्वी हातमागाची खोली होती. रुंदी 10 फूट, लांबी 14 फूट, पुढच्या अरुंद भिंतीत दार, मागच्या भिंतीत परसाकडे उघडणारी खिडकी आणि जमिनीत विणकराला पाय सोडून बसण्यासाठी केलेला खड्डा, एवढेच तिचे स्वरूप. चौकटी आणि देव्हारे यांची कामे वाढल्यावर मी या खोलीसाठी एक जुने मल्टीपर्पज मशीन घेतले. त्यात 13 इंची रंधा, त्याच शाफ्टच्या एका टोकाला 12 इंची गोल करवत आणि दुसऱ्या टोकाला कुसवाच्या, म्हणजे सांध्यात बसणाऱ्या जिभेच्या, खाचा पाडण्यासाठी ड्रिलचा चक, अशी रचना होती. मशीन मोठ्या कारखान्यासाठी बनवलेले असल्यामुळे मोटर बाजूला, वेगळ्या बैठकीवर होती.

अशा मशीनची जी गोष्ट बदलाचा विचार करताना सर्वांत आधी ध्यानात घ्यावी लागते, ती ही की करवत, रंध्याची पाती आणि ड्रिल ही तिन्ही एकाच शाफ्टवर एकाच वेळी फिरतात. फळी करवतीवर चिरताना शेजारी रंधाही पूर्ण वेगात असतो. म्हणून मशीन किती लहान करता येईल हे न पाहता, काम करणारा माणूस कोठे उभा राहणार आणि त्याचा हात, पाय, सदरा कशाच्या जवळ येणार, हे मी आधी खडूने जमिनीवर आखले. बाकीचे सारे बदल त्या आखणीतून ठरत गेले.

पहिला प्रश्न लांबीचा होता. चौकटीचा 7 फुटी उभा तुकडा रंध्यावरून काढायचा तर पात्यांच्या अलीकडे 7 फूट आणि पलीकडे 7 फूट मोकळी जागा लागते, शिवाय ढकलणाऱ्याला पाय रोवण्यापुरती जागा वेगळीच. खोलीची लांबी त्यातच संपते. खिडकी मात्र दाराच्या समोरच होती. मी मशीन लांबीच्या रेषेत ठेवून रंध्याची पाती खिडकीपासून 5 फुटांवर येतील असे केले, त्यामुळे मागे 9 फूट उरले आणि तुकड्याचे पुढचे टोक खिडकीतून 2 फूट बाहेर जाऊ लागले. घरमालकांची परवानगी घेऊन मधले दोन गज काढले आणि त्या जागी कुलूप लावता येईल अशी बिजागरीची जाळी बसवली. खिडकीचा उंबरा जमिनीपासून 30 इंचांवर होता, म्हणून मशीनच्या पायांखाली मत्तीच्या लाकडाचे ठोकळे देऊन टेबल 33 इंचांवर आणले आणि उंबऱ्यावर लाकडी रूळ बसवला. काम सुरू असताना परसात खिडकीसमोर कोणी येऊ नये म्हणून तेथे कायमचे कुंपण घातले आहे. मशीनला चाके लावण्याची सूचना अनेकांनी केली, पण चाकांवर उभे असलेले मशीन थरथरते आणि रंध्याच्या पृष्ठावर त्या थरथरीच्या लाटा उमटतात, त्यामुळे ती मी मान्य केली नाही.

मोटर आत घेण्याचे काम सर्वांत समाधानाचे झाले. बाहेरच्या बैठकीमुळे दीड फूट रुंदी अडत होती आणि ती नेमकी करवतीपाशी उभे राहण्याची जागा होती. दोन पायांमध्ये अँगलवर बिजागरीची लोखंडी पाटी टाकून मोटर तीवर बसवली, म्हणजे मोटरच्याच वजनाने पट्टा ताणलेला राहतो. पुल्या होत्या त्याच ठेवल्या: मोटरवर 8 इंची, शाफ्टवर 3 इंची. मोटरचे फेरे मिनिटाला 1440, म्हणून शाफ्टचे 1440 गुणिले 8 भागिले 3, म्हणजे 3840 होतात. करवतीच्या पात्यावर छापलेली कमाल मर्यादा याहून जास्त असल्याची खात्री प्रत्येक नवे पाते घेताना केलीच पाहिजे. दोन पुल्यांच्या केंद्रांमधले अंतर 16 इंचांवर आल्याने पट्टाही बदलला. पट्ट्याची लांबी काढण्यासाठी केंद्रांतर दुप्पट करावे, त्यात दोन्ही व्यासांची बेरीज 1.57 ने गुणून मिळवावी आणि व्यासांतील फरकाचा वर्ग केंद्रांतराच्या चौपटीने भागून तोही मिळवावा. माझे उत्तर सुमारे 49.7 इंच आले. बी मापाच्या व्ही-पट्ट्यावरचा आकडा आतल्या लांबीचा असतो आणि पट्ट्याची चालती लांबी त्याहून साधारण पावणेदोन इंच अधिक भरते, म्हणून बी 48 हा पट्टा बरोबर बसला.

ड्रिलच्या बाजूचे टेबल भिंतीला लागत होते. शाफ्टचे ते टोक कापून टाकावे असा माझा विचार होता, परंतु उद्यमबागेतील ज्या टर्नरकडे मी गेलो, त्यांनी मला थांबवले. "मेस्त्री, शाफ्ट तसाच ऱ्हाऊ द्या, टेबल काढता-घालता येईल असं करून देतो," असे म्हणून त्यांनी टेबलाच्या बैठकीत दोन पोलादी पिना बसवून दिल्या. आता टेबल काढून ठेवले तरी पुन्हा लावताना ते त्याच जागी येते, गुण्या लावून पाहिले तरी फरक सापडत नाही. टेबल काढलेले असताना फिरते टोक उघडे राहू नये म्हणून त्यावर नळकांड्यासारखे पत्र्याचे झाकण बोल्टने आवळले आहे.

माझ्या खोलीला हेस्कॉम या वीज कंपनीची सिंगल फेज जोडणी आहे आणि मोटर 2 एचपीची थ्री फेज. मोटरच्या गुंडाळ्यांची टोके स्टार किंवा डेल्टा अशा दोन पद्धतींनी जोडता येतात; ही मोटर स्टारमध्ये 415 व्होल्टला जोडलेली होती. तिची सहाही टोके बाहेर काढलेली असल्याने वायरमनकडून ती डेल्टामध्ये जोडून घेतली, म्हणजे ती 240 व्होल्टची झाली, आणि सिंगल फेजवर चालणारी व्हीएफडी, म्हणजे सिंगल फेजमधून मोटरला थ्री फेज पुरवठा देणारी आणि तिचा वेग सांभाळणारी पेटी, बसवली. तिच्यासाठी मीटरपासून 4 चौरस मिलिमीटरची स्वतंत्र वायर आणि अर्थिंग ओढले. व्हीएफडी आणि मोटर यांच्यामध्ये स्विच कधीही ठेवू नये, बंद-चालू व्हीएफडीच्याच बटणाने करावे. थांबण्याचा वेळही तीवर ठरवता येतो, पण तो फार कमी ठेवला तर करवतीचे नट सैल होण्याची भीती असते, म्हणून शाफ्ट सावकाश थांबेल असाच मी तो ठेवला आहे.

संरक्षणाच्या बाबतीत मी कसलीही तडजोड केली नाही. करवत चालते तेव्हा रंध्यावर लोखंडी झाकण असते आणि रंधा चालतो तेव्हा करवतीचे पाते काढलेले असते. त्यात वेळ जातो, तो मी कामाच्या दरातच धरतो. करवतीच्या मागे पात्याच्या पत्र्याहून किंचित जाड, पण चिरेहून बारीक अशी पोलादी पट्टी उभी केली आहे. सागवान चिरताना कधी कधी चीर मागे मिटते, पाते आवळते आणि फळी उलट माणसाच्या पोटावर येते. ही पट्टी चीर मिटू देत नाही.

विणकराचा खड्डा बुजवण्याऐवजी मी त्याचा उपयोग केला. करवतीखालून पत्र्याची घसरण खड्ड्यात सोडली, तेथे पोते अडकवले आणि वर जाड फळ्यांचे झाकण ठेवले. मोटरच्या पंख्याकडे भुसा जाऊ नये म्हणून मध्ये पत्र्याचा पडदा आहे. पोते रोज संध्याकाळी रिकामे करतो, कारण साचलेला भुसा ठिणगीने पेट घेतो, आणि इकडच्या पावसाळ्यात तो ओल धरून टेबलाच्या बिडाला गंजही चढवतो.

7 फुटांपेक्षा लांब तुळया मी अजूनही या खोलीत घेत नाही. त्या मच्छे येथील मोठ्या मशीनवर काढून आणतो आणि खाचा तेवढ्या येथे पाडतो.