रिकव्हरी आणि उतारा

'रिकव्हरी' हा शब्द इंग्रजी आहे, हे मला बरीच वर्षं माहीत नव्हतं. वडील साखर कारखान्याच्या लॅबमध्ये होते. गाळप सुरू झालं की ते रात्रपाळीहून घरी यायचे आणि आई चहा ठेवता ठेवता विचारायची, "आज किती?" ते म्हणायचे, "अकरा वीस." म्हणजे 100 किलो उसामागे 11 किलो 200 ग्रॅम साखर. तोडलेला ऊस फडातच वाळत पडला की आकडा घसरायचा आणि वडील न बोलता जेवायचे. आमच्या घरची रिकव्हरी ती एवढीच.

नववीत होतो तेव्हा आईचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, "रिकव्हरी छान आहे." त्याच आठवड्यात काकांच्या दारात पतसंस्थेचा माणूस उभा राहिला, "रिकव्हरीला आलोय." काकूंनी डोळ्याला पदर लावला. आईला बरं करणारा आणि काकूंना रडवणारा शब्द एकच कसा, हे मी मधल्या सुट्टीत इंग्रजीच्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "उद्या वर्गात विचार."

दुसऱ्या दिवशी बाई ग्रंथालयातला जाड शब्दकोश दोन्ही हातांनी उचलून वर्गात घेऊन आल्या. लॅटिनमध्ये 'रिकुपेरारे' म्हणजे परत मिळवणं, असं त्यांनी फळ्यावर लिहिलं. पतसंस्था पैसे परत मिळवते. आईनं तब्येत परत मिळवली. "आणि कारखाना?" त्यांनी मलाच विचारलं. मला सांगता येईना. मग त्याच म्हणाल्या, "अरे, साखर कारखाना तयार करतो का? ती उसातच असते. चिपाडात जाते, मळीत जाते, त्यातून वाचवून हाती लागते ती रिकव्हरी." वडिलांचं काम मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "बाई, रिकव्हर म्हणजे पुस्तकाला पुन्हा कव्हर घालणं नाही का?" वर्ग हसला, बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "तोही शब्द आहे. पण हे 'कव्हर' झाकण्याच्या लॅटिन शब्दातून आलंय. घोटाळा नको म्हणून इंग्रज मध्ये छोटी आडवी रेघ देतात. प्रश्न चांगला आहे." शाळेतलं मला सगळ्यांत जास्त आठवतं ते हे वाक्य.

त्या शब्दाचा नाद पुढेही सुटला नाही. 1066 नंतर नॉर्मन राज्यकर्त्यांबरोबर फ्रेंच इंग्लंडात आली, कोर्टकचेरीत रुजली आणि या शब्दानंही तीच वाट धरली. गेलेली जमीन निकालानं परत मिळणं, ही तिथल्या कोर्टातली रिकव्हरी. नंतर तर 'कॉमन रिकव्हरी' नावाचा एक लुटुपुटीचा दावाच रूढ झाला. वंशाबाहेर विकता येणार नाही अशी बांधून ठेवलेली जमीन मोकळी करायला वकील तो संगनमतानं लावत. तो थेट 1833 च्या कायद्यानं बंद झाला. शेक्सपिअरच्या एका नाटकात तर टकलावरचे केस अशा दाव्यानं परत मिळतील का, अशी कोटी आहे. तब्येतीबद्दलही 'हेल्थ रिकव्हर करणं' असं म्हणत, जणू तीही हातची गेलेली मालमत्ता. आज नुसतं 'रिकव्हर होणं' म्हटलं तरी पुरतं.

पण त्या तासाचा खरा आनंद पुढेच होता. बाईंनी विचारलं, "तुझे वडील रिकव्हरीला मराठीत काय म्हणतात?" मी म्हणालो, "उतारा." त्यांनी फळ्याचा उरलेला अर्धा भाग पुसला आणि खडू आमच्या हाती दिला. सातबाऱ्याचा उतारा. विषावरचा उतारा. मराठीच्या पेपरातला उतारा. कुणी तरी 'तापाला उतार' लिहिलं, कुणी दृष्टीचा, ओवाळून टाकायचा उतारा. घंटा झाली तरी कुणी जागचं हललं नाही.

आज मी व्यसनमुक्तीच्या कामात समुपदेशक आहे. 1935 मध्ये अमेरिकेत अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना साथ देण्याची संघटना, सुरू झाली. त्या वाटेनं जाणाऱ्यांनी या शब्दाला आणखी एक अर्थ दिला. वीस वर्षं दारूला न शिवलेला माणूसही तिथे 'बरा झालो' म्हणत नाही, 'रिकव्हरीत आहे' म्हणतो. नातेवाईक विचारतात, "हा बरा कधी होणार?" तेव्हा मी त्यांना बसवून घेतो आणि हा एक शब्द सावकाश समजावून सांगतो. वीस मिनिटं सहज जातात. काही बायका रडतात, काहींचा चेहरा सैल होतो.

मागच्या वर्षी शाळेत आलो तेव्हा तो शब्दकोश कपाटाच्या खालच्या खणात दिसला. शिवण उसवली आहे, पुठ्ठा निघालाय, पानं मात्र शाबूत आहेत. मुख्याध्यापकांची परवानगी असेल तर यंदाच्या सुट्टीत मी तो बांधून आणतो.