१३६६ च्या स्क्रीनवर १६०० चा डेस्कटॉप – माझा अनुभव

माझा लॅपटॉप जुना आहे, १५.६ इंची, स्क्रीन १३६६ बाय ७६८, पण मशीन अजून ठणठणीत आहे त्यामुळे बदलायचा विचार नाही. काम मुद्रितशोधनाचं. डावीकडे लेखकाचं स्कॅन केलेलं हस्तलिखित, उजवीकडे लिब्रेऑफिसमध्ये टाइप केलेला मजकूर, अशा दोन विंडो शेजारी शेजारी लावल्या की एकेकीला ६८३ पिक्सेल मिळतात, ओळ काही पूर्ण दिसत नाही आणि निम्मा वेळ पान आडवं सरकवण्यातच जातो. म्हणून म्हटलं याच स्क्रीनवर जरा मोठं रिझोल्युशन बसतंय का बघूया.

बसतं. पण नेमकं काय होतं ते आधी समजून घ्या म्हणजे भीती वाटणार नाही. पॅनेलमधले पिक्सेल आहेत तेवढेच राहतात. ग्राफिक्स चिप मेमरीत मोठं चित्र काढते आणि ते आक्रसून १३६६ मध्ये बसवते, पॅनेलला जाणारा सिग्नल पहिल्यासारखाच असतो, त्यामुळे स्क्रीन जळेल वगैरे काही नाही. म्हणूनच नवीन मोड, म्हणजे यादीत नसलेलं रिझोल्युशन, तयार करून तो जोडायचा जो सल्ला सगळीकडे मिळतो तो लॅपटॉपच्या आतल्या स्क्रीनला लागू पडत नाही, माझ्याकडे इंटेलचं ग्राफिक्स आहे आणि त्याचा ड्रायव्हर पॅनेलपेक्षा मोठा मोड सरळ नाकारतो.

माझ्याकडे विंडोजऐवजी लिनक्स मिंट आहे, तिथे हे काम एक्सरँडआर (xrandr) नावाची कमांड करते. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या विंडोत, नुसतं एक्सरँडआर टाकलं की स्क्रीनचं नाव दिसतं, माझं ईडीपी-१, बऱ्याच जुन्या मशीनवर एलव्हीडीएस असतं. मग आउटपुट या पर्यायापुढे ते नाव आणि स्केल-फ्रॉम या पर्यायापुढे हवं ते रिझोल्युशन. आधी १९२० बाय १०८० दिलं. स्क्रीन क्षणभर काळी झाली आणि एवढी जागा मिळाली की काय सांगू, जवळजवळ दुप्पट पिक्सेल!

इंग्रजी मेनू बारीक झाले तरी वाचता येत होते. मराठी नाही. आपल्या अक्षरांना शिरोरेषा असते, ती पातळ आडवी रेघ आक्रसताना दोन पिक्सेलच्या मधे पडली की करडी होऊन पसरते, त्यामुळे एक ओळ ठळक तर दुसरी फिकट असं पान दिसायला लागतं. अनुस्वार पुसट होतो, रफार वेलांटीत मिसळतो, आणि सगळ्यात वाईट म्हणजे ध आणि घ. दोघांत महत्त्वाचा फरक म्हणजे ध च्या डोक्यावरची रेघ तुटलेली असते, ती बारीकशी फट या धूसरपणात बुजून जाते. मुद्रितशोधन करणाऱ्याला हे अजिबात चालणार नाही, स्क्रीनवर घ दिसतोय म्हणून सोडून दिलं आणि फाइलमध्ये ध निघाला तर काय उपयोग?

मग १६०० बाय ९०० वर आलो आणि तिथेच थांबलो. दोन्ही रिझोल्युशन जवळपास १६:९ आहेत त्यामुळे अक्षरं ताणलेली दिसत नाहीत, पिक्सेल साधारण ३७ टक्के जास्त, आणि एकेका विंडोला ८०० ची रुंदी. लिब्रेऑफिसमध्ये पानाची पूर्ण ओळ दिसायला लागली. फॉन्टच्या सेटिंगमध्ये अँटिअलायझिंग (अक्षरांच्या कडा मऊ करायची सोय) आरजीबीवरून ग्रेस्केलवर नेलं तेव्हा अक्षरांच्या कडेला येणारी रंगीत झाक गेली, हा बदल नक्की करा, फार फरक पडतो. फॉन्टही नाजूक वापरू नका. मी मुक्ता मीडियम ठेवलाय, त्याची शिरोरेषा बरीच टिकून राहते.

काही सिस्टिमवर माउस जुन्या १३६६ च्या चौकटीतच अडकतो, बाहेर जातच नाही. त्याच कमांडमध्ये पॅनिंगचा पर्याय जोडून तिथेही १६०० बाय ९०० द्यायचं. आणि लिनक्समध्ये स्क्रीनवर चित्र दाखवणाऱ्या दोन यंत्रणा असतात, एक्सऑर्ग आणि वेलँड; हे सगळं एक्सऑर्गच्या सेशनमध्येच चालतं, वेलँड असेल तर लॉगिनच्या वेळी सेशन बदलावं लागेल.

विंडोजवाल्यांनी विचारलं म्हणून सांगतो, एनव्हिडियाची डीएसआर नावाची सोय हेच काम करते, २०१४ पासून आहे, पण ज्या लॅपटॉपमध्ये आतली स्क्रीन इंटेलच्या चिपला जोडलेली असते आणि एनव्हिडियाचं कार्ड मागून मदत करतं तिथे तो पर्याय दिसतच नाही. त्यात तुमची चूक नाही, जोडणीच तशी असते.

मी आता कीबोर्डवर दोन शॉर्टकट लावलेत. एकाने १६०० बाय ९००, दुसऱ्याने स्केल १ बाय १ म्हणजे मूळ रिझोल्युशन. हस्तलिखित ताडून बघताना, परिच्छेद हलवताना, टिपा जुळवताना मोठा डेस्कटॉप. शेवटचं वाचन मात्र मूळ रिझोल्युशनवरच, एकच विंडो पूर्ण स्क्रीनभर आणि झूम दीडशे टक्के, तिथे जागेची गरजच नसते, प्रत्येक अनुस्वार आपल्या जागी आहे ना एवढंच बघायचं असतं.