लॅटिनची वही: 'फेर्रे'चे पंधरा दिवस

आठवड्याला चार क्रियापदं हा माझा नेम. पण गेले पंधरा दिवस एकट्या 'फेर्रे'ने घेतले. अर्थ साधा आहे, वाहून नेणे. मुख्य रूपं मात्र अशी: फेरो (मी नेतो), फेर्रे (नेणे), तुली (मी नेलं), लातुम (नेलेलं). पहिल्या दोघांशी तुलीचा काही मेळ नाही, आणि लातुमचा तर कोणाशीच नाही.

एका क्रियापदात निरनिराळे धातू नांदणं आपल्याला नवं नाही. आपण 'जातो' म्हणतो नि 'गेला' म्हणतो. पहिलं संस्कृत 'याति'वरून, दुसरं 'गत'वरून. म्हणून मी वहीत 'तीन धातू' असं लिहून पान उलटलं होतं. ते खोडलं. धातू दोनच आहेत.

पहिला आपला 'भृ'. शब्दाच्या सुरुवातीला संस्कृतात 'भ' असेल तिथे लॅटिनमध्ये 'फ' येतो: भ्राता, फ्रातेर, भरामि, फेरो. भार, भरणे, भर्ता ही त्याच घरची माणसं.

दुसरा धातू उचलण्याचा. तुलीत तो उघड दिसतो आणि तोच आपल्या 'तुला' नि 'तोलणे'त आहे. लातुम आधी 'त्लातुम' होतं. लॅटिनला सुरुवातीचा 'त्ल' पेलला नाही, 'त' गळून पडला. 'तुल' आणि 'त्ल' एकाखाली एक लिहिले तेव्हा दोन्ही रूपं एकदम ओळखीची झाली. त्या रात्री मी पुढे काही वाचलंच नाही. जुना रोमन नाटककार प्लाउतुस, त्याच्या नाटकांत तर 'तेतुली' असं रूप येतं, म्हणजे संस्कृतातल्या चकार (केलं), ददर्श (पाहिलं) यांच्यासारखंच द्वित्व, धातूची सुरुवात दोनदा!

अर्थही पसरत गेलेत. ओझं वाहणं, त्यावरून सोसणं. जमीन पीक देते तेही 'फेर्रे', म्हणून सुपीक ती 'फेर्तिलिस'. बातमी वाहून नेणं यावरून 'फेरुन्त', म्हणजे लोक सांगतात. मला त्यासाठी आपलं 'म्हणे' सर्वांत जवळचं वाटतं. इंग्रजीतले ट्रान्सफर आणि ट्रान्सलेट दोन्ही 'पलीकडे नेणे' या एकाच क्रियापदाचे, एक फेर्रेकडून आलेला, दुसरा लातुमकडून.

पुढचं क्रियापद 'तोल्लेरे', उचलणे. 'तुली' मुळात त्याचं होतं. फेर्रेने ते घेतल्यावर त्याला 'सुस्तुली'वर भागवावं लागलं.