मोम्बासाच्या बाईंचं नाशिक

नाशकात येणारे पाहुणे ठरलेले असतात. रामकुंड, काळाराम, त्र्यंबक करणारे एक, आणि शनिवार-रविवारी वाइन चाखायला येणारे दुसरे. माझ्यासारख्या गाइडचं काम बोलण्याचं कमी, पार्किंग शोधण्याचं जास्त. त्यामुळे केनियातल्या मोम्बासाहून एका बाईंचा ई-मेल आला, ‘देवळं नकोत, द्राक्षमळे नकोत, मला शरणपूर दाखवा’, तेव्हा मी तो दोनदा वाचला. शरणपूर रोडवर नाशिककर जातो ते क्लासला, दवाखान्यात, नाहीतर कॅनडा कॉर्नरच्या सिग्नलला अडकायला.

बाई यायला अवकाश होता. तेवढ्यात जुनं काहीबाही वाचून ठेवलं.

एकोणिसाव्या शतकात आफ्रिकेतल्या न्यासा (आताच्या मलावी) सरोवराच्या भागातून माणसं पकडून किल्वा बंदरात आणत, तिथून झांजिबारच्या बाजारात आणि पुढे अरबस्तानाकडे. ब्रिटिश आरमार यातली काही गलबतं अडवायचं. सुटलेल्या माणसांत मुलं बरीच. त्यातली काही मुंबईला उतरवली जात, आणि चर्च मिशनरी सोसायटीनं त्यांच्यासाठी नाशिकजवळ शरणपूरला आश्रम आणि शाळा चालवली. रेव्हरंड विल्यम प्राइस तिथले प्रमुख. लिहिणं-वाचणं, बायबल, जोडीला सुतारकाम, लोहारकाम. बाप्तिस्मा झाला की नवं नाव. आफ्रिका पालथी घालणारा मिशनरी प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन, त्यानं आपल्या शेवटच्या मोहिमेसाठी, ती 1866 मध्ये निघाली, याच शाळेतली नऊ मुलं बरोबर घेतली होती.

बाई सत्तरीच्या, निवृत्त शिक्षिका. हातात प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये वंशावळ. सगळ्यात वरच्या चौकोनात माणसाचं नाव नव्हतं, ‘नाशिक’ लिहिलं होतं. खाली पणजोबांचं इंग्रजी नाव, आणि मग फांद्या.

गाडीत बसल्यावर मी माझं ठेवणीतलं काढलं. म्हटलं, आफ्रिकेतून आलेल्यांशी आमच्या महाराष्ट्राचं नातं फार जुनं आहे. मलिक अंबर हा इथिओपियात जन्मलेला, बालपणीच विकला गेलेला माणूस. तो निजामशाहीचा वजीर झाला, मोगलांना त्यानं दख्खनमध्ये वर्षानुवर्षं झुंजवलं, खडकी वसवलं, तेच पुढचं औरंगाबाद. मग जंजिऱ्याचे सिद्दी. समुद्रातला किल्ला, शेवटपर्यंत कुणाला दाद दिली नाही. परदेशी पाहुणे इथे हमखास ‘वा’ म्हणतात.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “म्हणजे जे राजे झाले ते तुमच्या लक्षात राहिले. आमचे सुतार होते.”

मी गप्प गाडी चालवली. शाळेच्या पुस्तकातही आपल्याला सिद्दी भेटतो तो एकतर किल्ल्यावर, नाहीतर महाराजांच्या विरुद्ध बाजूला. रंधा मारणारा सिद्दी कुणी पाहिलाय?

शरणपूरच्या संत आंद्रिया चर्चच्या आवारात बाई बराच वेळ फिरल्या. माझी कल्पना होती की त्या दफनभूमीत जाऊन पणजोबांच्या सोबत्यांची नावं शोधतील. मी गवत बाजूला करायला काठीसुद्धा घेतली होती. त्यांनी दोन-चार दगड वाचले आणि थांबल्या. “नावं वाचून काय होणार? ती सगळी इथेच ठेवलेली. आईनं ठेवलेलं नाव कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असेल तर आमच्यापर्यंत पोचलं नाही.” मी सहज म्हणालो, पण मिशननं वाचवलं तर खरं. “वाचवलंच,” त्या म्हणाल्या, “आणि वाचवल्यावर काय व्हायचं तेही ठरवून दिलं. दोन्ही खरं.”

मग त्यांनी मोबाइलवर एक फोटो दाखवला. लाकडी पेटी, पणजोबांनी केलेली, घरात अजून वापरात. “हे काम इथलं की तिकडचं, कोण सांगेल?” याचं उत्तर कुठल्या ग्रंथालयात मिळणार नव्हतं. मी गाडी जुन्या नाशकात ओळखीच्या मिस्त्रींकडे वळवली. मिस्त्रींनी हात पँटला पुसले, फोटो मोठा केला, पेटीच्या कोपऱ्यावर नेला. एकात एक अडकवलेले लाकडाचे दाते, खिळा एकही नाही. “दाते बघा, सगळे एका मापाचे. पट्टी लावून आखलंय, अंदाजानं नाही. शाळेत शिकलेला हात आहे हा. आमच्या वडिलांसारखं घरात शिकलेला नाही.” मग खालची कड दाखवून म्हणाले, “इथं मात्र घाई केलीय. पैसे मिळाले नसतील.” मी भाषांतर केल्यावर बाई इतक्या मोठ्यानं हसल्या की शेजारचा दुकानदार बाहेर आला. मिस्त्रींनी चहा मागवला. पेटी बघून देश सांगता येत नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं, आणि ते मला आवडलं.

चहा पिता पिता बाईंनी पुढची गोष्ट सांगितली. लिव्हिंग्स्टन 1873 मध्ये आफ्रिकेतच, चितांबो नावाच्या प्रमुखाच्या गावात वारला. हृदय तिथेच झाडाखाली पुरून सोबत्यांनी त्याचा देह समुद्रापर्यंत वाहून आणला. त्या झाडावर अक्षरं कोरणारा, देहाबरोबर इंग्लंडपर्यंत जाणारा जेकब वेनराइट शरणपूरच्याच शाळेचा. 1874 मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबेत शवपेटी धरणाऱ्यांत तोही होता. पण बाईंना त्याचंही फार कौतुक नव्हतं. त्यांचा जीव अडकला होता फ्रियर टाउनमध्ये. मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या नावाची ही वसाहत प्राइससाहेबांनी 1875 मध्ये मोम्बासाजवळ उभी केली, ती सुटलेल्या गुलामांसाठी. तिथे शिक्षक, सुतार, लोहार लागणार होते. ते नाशकातून गेले. कागदोपत्री त्यांना म्हणत ‘बॉम्बे आफ्रिकन’.

“आफ्रिकेत परत गेले म्हणजे घरी गेले असं तुम्हाला वाटेल,” बाई म्हणाल्या. “ज्या किनाऱ्यावर उतरले तिथे त्यांचं कुळ नव्हतं, जमीन नव्हती. आजूबाजूचे विचारायचे, तुम्ही कुणाचे? आणि हेही काही कमी नव्हते. इंग्रजी यायचं, कोट घालायचे, नव्या सुटून आलेल्यांकडे जरा वरूनच बघायचे. आमच्या आजीला विचारलं की आपण कुठले, तर ती नाशिक म्हणायची. तिनं नाशिक कधी पाहिलं नव्हतं.”

मी विचारलं, मग सरोवराकडचं मूळ गाव?

यावर घरात भांडण आहे म्हणे. पुतण्यानं डीएनए चाचणी केली. निकाल आला आफ्रिकेच्या आतल्या, न्यासाकडच्या लोकांशी जुळणारा. त्याचं म्हणणं, वंशावळीच्या वरच्या चौकोनातून नाशिक काढा, आपल्याला विकण्याआधीपासून आपण होतो. बाईंचं म्हणणं, ज्या गावाचं नावही ठाऊक नाही ते लिहू कसं? शिवाय पणजोबा माणूस म्हणून कागदावर आले ते इथेच. मला दोघांचं पटलं, पण बिल बाईंच्या नावानं व्हायचं होतं, म्हणून बोललो नाही.

मिशनची कागदपत्रं आता बर्मिंगहॅम विद्यापीठात आहेत, हे त्यांना माहीत होतं. पुढची खेप तिकडे. त्याच्या पुढची पुन्हा नाशकात, आणि त्या वेळी पुतण्याला घेऊन येणार आहेत. मिस्त्रींना आधीच सांगून ठेवलंय. ते म्हणाले, येऊ द्या, पण पेटी घेऊन या म्हणावं, फोटोवरून काय कळतं?